प्रवासी बोटीचें अंतरंग

हौसेच्या सागरसफरीसाठीं बांधलेल्या मोठ्या बोटीला 'तरंगतें हॉटेल' म्हणण्याचा प्रघात आहे. जाहिरातींत हेंच नांव वाचावयास मिळतें, आणि सफर करून आलेला मनुष्य शेजाऱ्यापाजाऱ्यांना जें वर्णन ऐकवितो तेंहि बहुधा हॉटेलाचेंच असतें. जेवणांत प्रकार किती, नाटकगृह केवढें, पोहण्याचा तलाव कितव्या मजल्यावर, इत्यादि. परंतु मुंबईंतील एखाद्या हॉटेलांत पाणी संपलें तर टँकर मागवितां येतो. दिवे गेले तर वीजकंपनीवर रागावतां येतें. कचरा पालिकेची गाडी नेते. आग लागली तर बंब येतो, आणि पाहुण्याच्या छातींत रात्रीं कळ आली तर इस्पितळ चार रस्ते ओलांडून असतें. भर समुद्रांत यांपैकीं कोणी येत नाहीं. तेव्हां बोटीला हॉटेलापेक्षां गांव म्हणणें अधिक खरें. त्या गांवाचा पाणीपुरवठा, वीजघर, भटारखाना, धुलाईखाना, गटारें, दवाखाना, बंबखाना आणि शवागारसुद्धां, सारें एकाच पोलादी कवचाच्या आंत असतें. तें नेमकें कोठें असतें हा प्रश्न बहुतेक प्रवाशांना पडत नाहीं. पडूं नये अशाच बेतानें बोट बांधलेली असते.

ज्यांना तो पडतो त्यांच्या जिज्ञासेचीहि किंमत अलीकडे अनेक कंपन्यांनीं ठरविली आहे. सफरींतला एखादा दिवस, बहुधा बोट बंदराला न लागतां समुद्रांतच असते तो, राखून ठेवून थोड्या प्रवाशांची एक तुकडी पडद्यामागची बोट दाखविण्यासाठीं नेतात. फेरी कांहीं तास चालते. शुल्क निराळें द्यावें लागतें, पाऊल पूर्ण झांकणारे बूट घालावे लागतात, एका कागदावर सही करावी लागते, आणि कित्येक ठिकाणीं छायाचित्रें घेण्यास मनाई असते. पूर्वीं हें प्रकरण इतकें औपचारिक नव्हतें. एखाद्या अधिकाऱ्याशीं ओळख निघाली कीं ब्रिजवर, म्हणजे जेथून कप्तान बोट हांकतो त्या सज्जावर, डोकावून येतां येत असे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर तें दिवस संपले. १ जुलै २००४ पासून जहाजें आणि बंदरें यांच्या सुरक्षिततेची आंतरराष्ट्रीय नियमावली अंमलांत आली, आणि इंजिनघर व ब्रिज या राखीव जागा ठरल्या. म्हणून फेरीच्या पत्रकांत 'इंजिनघर' असें छापलेलें असलें तरी बहुधा इंजिनघरावर नजर ठेवणारी खोलीच पाहावयास मिळते.

उदाहरणासाठीं एकच बोट डोळ्यांसमोर ठेवली तर वर्णन मोघम होणार नाहीं. फ्रान्समधील सें-नाझेर येथें बांधलेली 'क्वीन मेरी २' ही ३४५ मीटर लांबीची बोट जानेवारी २००४ मध्यें पहिल्या सफरीवर निघाली. तिच्याहून पुष्कळ मोठ्या बोटी मागाहून झाल्या. २०२४ च्या जानेवारींत निघालेली 'आयकॉन ऑफ द सीज' पूर्ण भरली असतां साडेसात हजार प्रवासी नेते. परंतु 'क्वीन मेरी' नुसत्या विहारासाठीं बांधलेली नाहीं. अटलांटिक ओलांडणें हा तिचा मूळ धंदा आहे. साउदॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जातांना बहुधा सात रात्री जातात आणि वाटेंत बंदर नाहीं. सुमारें २,७०० प्रवासी आणि बाराशेंहून अधिक कर्मचारी यांना त्या आठवड्यांत जें लागेल तें बोटीवर भरलेलें तरी असलें पाहिजे, किंवा बोटीनें स्वतः निर्माण केलें पाहिजे. याच बोटीविषयीं एक दुःखद गोष्ट नमूद आहे. १५ नोव्हेंबर २००३ रोजीं ती गोदींत असतां गोदीकामगारांचे आप्तेष्ट तिचें अंतरंग पाहण्यासाठीं आले होते. बोटीवर जाण्याचा तात्पुरता पूल कोसळला आणि सोळा माणसें मेलीं.

फेरीचा आरंभ एका दारापासून होतो. प्रवाशांच्या बाजूनें तें भिंतीच्याच रंगाचें, सहज लक्ष न जाईल असें असतें. तें उघडतांच पायाखालचा गालिचा संपतो. पुढें रंगविलेलें पोलाद, डोक्यावरून धांवणाऱ्या नळ्या व तारा, आणि नळ्यांवर आंत काय वाहतें हें सांगणारे रंगीत पट्टे. हा खालच्या मजल्यावरचा रुंद रस्ता बोटीच्या एका टोंकापासून जवळजवळ दुसऱ्या टोंकापर्यंत जातो. ब्रिटिश बोटींवर त्याला 'बर्मा रोड' म्हणतात. अमेरिकनांनीं आपल्या पूर्व किनाऱ्यावरच्या हमरस्त्याचें 'आय-९५' हें नांव त्याला दिलें आहे. सामानाच्या गाड्या, फिटर, नर्तकी, स्वयंपाकी, अधिकारी, मैल्याच्या टाकीकडे निघालेला मिस्त्री, सारे याच रस्त्यानें जातात. वर प्रवाशांच्या मजल्यांवर माणसांच्या ज्या श्रेण्या कटाक्षानें पाळल्या जातात त्या येथें खांद्याला खांदा लावून चालतात. ठिकठिकाणीं जाड पोलादी सरकतीं दारें आहेत. तीं मिटलीं कीं बोटीच्या खालच्या अंगाचे स्वतंत्र कप्पे होतात, आणि एकांत पाणी शिरलें तरी तें शेजारीं जात नाहीं. या दारांत उभें राहून गप्पा मारणें हा बोटीवर गुन्हा आहे. तें दार माणसासाठीं थांबत नाहीं.

भटारखाना हा फेरींतला सर्वांना आवडणारा भाग, आणि तो आवडण्याजोगा आहेहि. पहिली गोष्ट नजरेस येते ती ही कीं, येथें ज्योत नाहीं. समुद्रावर बुडण्यापेक्षांहि आगीचें भय मोठें मानतात, म्हणून चुली आणि भट्ट्या विजेच्या असतात, आणि तळणाच्या कढयांवर आग आपोआप विझविणारी योजना असते. दुसरी गोष्ट, कच्चें आणि शिजलेलें, स्वच्छ आणि खरकटें यांच्या वाटा एकमेकींना छेदूं नयेत याविषयीं घेतलेली दक्षता. मांसाची फळी एका रंगाची, मासळीची दुसऱ्या, भाजीची तिसऱ्या. जुन्या घरांतील सोंवळ्याओंवळ्याची ज्यांना आठवण आहे त्यांना हें शास्त्र फारसें परकें वाटूं नये. फरक एवढाच कीं येथें विटाळ सूक्ष्मजंतूंचा असतो आणि प्रायश्चित्त साऱ्या बोटीला भोगावें लागतें. नोरोव्हायरस नांवाचा ओकाऱ्या-जुलाबांचा विषाणु बंद जागेंतील हजारों माणसांत एकदां शिरला कीं चार दिवसांत तो सफरीचें सुख घालवितो. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यखात्यानें १९७५ सालीं बोटींच्या स्वच्छतेची तपासणी सुरू केली. तींत १०० पैकीं ८५ किंवा त्याहून कमी गुण मिळाले तर बोट नापास ठरते. तपासनीस न कळवितां येतो. त्याच्या भीतीनें म्हणा कीं अभिमानानें म्हणा, मध्यरात्रींसुद्धां भटारखान्याची फरशी घांसणारा कोणीतरी असतोच.

भटारखान्याखालीं कोठीघर. मांस, मासळी, दूध, भाजीपाला यांच्या थंड खोल्या निरनिराळ्या, कारण प्रत्येकाला मानवणारी थंडी निराळी. पिकणाऱ्या केळ्यांतून जो वायु निघतो त्यानें शेजारचीं फळें व पालेभाज्या लौकर पिकतात व नासतात, म्हणून केळ्यांना दूर ठेवावें लागतें. बोट बंदरांत असते ते कांहीं तासच भरतीसाठीं मिळतात. तेवढ्यांत जुने प्रवासी उतरावयाचे, नवे चढावयाचे, आणि आठवड्याचें धान्य-भाजी बाजूच्या दारांतून आंत यावयाची. अटलांटिकच्या मध्यावर मीठ संपलें असें कळलें तर वाण्याकडे मुलगा पाठवितां येत नाहीं. म्हणून कोठीवाल्याचें सारें चातुर्य अंदाजांत आहे. तो अंदाज प्रवाशांचें वय, देश, हवा, लाटा एवढ्या सगळ्यांवरून बांधावा लागतो. समुद्र खवळला कीं जेवणाच्या पंगती विरळ होतात, हेंहि त्यांत आलें. पावाची भट्टी रात्रभर चालते. प्रवाशाला न्याहारीस जो गरम पाव मिळतो तो भाजणाऱ्याची त्या वेळीं निजण्याची वेळ झालेली असते.

पाण्याची गोष्ट याहून नवलाची आहे. चोहोंकडे पाणी असून पिण्यास थेंब नाहीं ही जुन्या खलाशांची अवस्था होती. 'क्वीन मेरी'वर समुद्राचें पाणी गोड करणारे तीन संच आहेत, आणि प्रत्येकाची शक्ति दिवसास ६,३०,००० लिटरांची आहे. इंजिनांची जी उष्णता एरव्हीं फुकट जावयाची तीच त्यांत वापरतात. हवेचा दाब कमी केला कीं पाणी शंभर अंशांच्या पुष्कळ खालींच उकळतें, हें शाळेंत शिकलेलें तत्त्व येथें उपयोगी पडतें. वाफ निराळी होते, मीठ मागें राहतें, वाफ पुन्हां थंड करून पाणी मिळतें. तें इतकें शुद्ध असतें कीं बेचव लागतें, आणि नळांनाहि बाधतें. म्हणून त्यांत थोडे क्षार मुद्दाम घालतात व जंतुनाशक मिसळतात. त्याच पाण्यावर खालच्या मजल्यावरचा धुलाईखाना चालतो. चादरी, टॉवेल आणि जेवणाच्या मेजांवरचे रुमाल यांचे डोंगर तेथें येतात आणि घड्या होऊन जातात. त्याविषयीं अधिक सांगण्याजोगें नाहीं. एवढेंच कीं कपडे वाळविण्याच्या यंत्रांतली कापसासारखी लव वेळच्या वेळीं काढली नाहीं तर आगीचें भय तेथेंहि आहेच.

मग इंजिनांवर नजर ठेवणारी खोली. येथें येणाऱ्या पुष्कळांची निराशा होते. फिरणारें कांहीं दिसत नाहीं. आंकडे आणि दिवे यांच्या पुढें चार-दोन माणसें शांतपणें बसलेलीं असतात. 'क्वीन मेरी'वर १६.८ मेगावॅटचीं चार डिझेल इंजिनें आणि २५ मेगावॅटचीं दोन वायु-टर्बाइनें आहेत. टर्बाइनें तळाशीं नाहींत. तीं हलकीं असल्यानें आणि त्यांना हवा भरपूर लागत असल्यानें थेट धुराड्याखालीं ठेवलीं आहेत. मौज ही कीं यांपैकीं एकहि यंत्र पंखा फिरवीत नाहीं. तीं सगळीं फक्त वीज करतात, आणि ती वीज बोटीच्या तळाखालीं टांगलेल्या चार मोठ्या बोंडांतील मोटारींना मिळते. पुढचीं दोन बोंडें स्थिर आहेत, मागचीं दोन स्वतःभोंवतीं वळतात. त्यामुळें या बोटीला सुकाणूचें निराळें पातेंच नाहीं. पंख्याचीं सुटीं पातीं पुढच्या डेकवर ठेवलेलीं आहेत. त्यांचा वळणदार आकार पाहून कांहीं प्रवासी तीं शिल्पें समजतात.

विहारासाठींच म्हणून बांधलेली पहिली बोट, हांबुर्गच्या आल्बेर्ट बालिन यांच्या कंपनीची 'प्रिन्त्सेसिन व्हिक्टोरिया लुईझे', १९०० सालीं पाण्यांत उतरली. तिच्या जमान्यांत अशा फेरीची कल्पनाहि कोणाला सुचली नसती. कोळशाच्या त्या दिवसांत मोठ्या बोटीच्या पोटांत शेंकडों माणसें आळीपाळीनें भट्ट्यांपुढें उभीं राहून फावड्यानें कोळसा लोटीत असत. तें दृश्य पैसे देऊन पाहावें असें नव्हतें, आणि तें प्रवाशांच्या दृष्टीस पडणें कंपनीलाहि परवडलें नसतें. आतां यंत्रें इतकीं स्वच्छ झालीं आहेत कीं तीं दाखवितां येतात.

हीं यंत्रें थांबलीं म्हणजे काय होतें, याचा दाखला फेब्रुवारी २०१३ मध्यें मिळाला. मेक्सिकोच्या आखातांत 'कार्निव्हल ट्रायम्फ' या बोटीच्या इंजिनघराला आग लागली. आग विझली, जीवितहानि झाली नाहीं, पण वीज गेली. मग पाणी, थंडावा, स्वयंपाक, शौचकूप, सारेंच एका मागून एक थांबलें, कारण आधुनिक बोटीवरचे शौचकूप पाण्याच्या उतारावर चालत नसून विजेच्या पंपानें उत्पन्न केलेल्या निर्वात ओढीवर चालतात. चार हजारांवर माणसें चार दिवस त्या अवस्थेंत होतीं, तेव्हां कोठें टगबोटींनीं ती बोट अलाबामांतील मोबील बंदरास ओढून आणली. वरचे झुंबर आणि खालचा पंप यांचा संबंध त्या चार दिवसांत प्रत्येक प्रवाशाला कळला, आणि तोहि कोणी मार्गदर्शक बरोबर नसतां.

आतां केरकचऱ्याचा भाग. फेरींत तोहि मोठ्या अभिमानानें दाखवितात, आणि अभिमान अनाठायीं नाहीं. कांच फोडून भरतात, पत्र्याचे डबे दाबून त्यांच्या विटा करतात, कागद व लांकूड जाळतात, उष्टें-खरकटें दळून काढतात. आंतरराष्ट्रीय करारान्वयें प्लॅस्टिक समुद्रांत कोठेंहि टाकतां येत नाहीं. प्रक्रिया न केलेलें मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आंत सोडतां येत नाहीं. आणि इंजिनघराच्या तळाशीं सांचणारें तेलकट पाणी, त्यांतील तेलाचा अंश दहा लाखांत १५ भागांवर येईपर्यंत गाळल्याशिवाय बाहेर जातां कामा नये. प्रत्येक वेळची नोंद वहींत व्हावी लागते. सारी व्यवस्था त्या वहीवर उभी आहे, कारण भर समुद्रांत पाहणारें दुसरें कोणी नसतें.

म्हणूनच 'कॅरिबियन प्रिन्सेस' या बोटीची हकीकत सांगितल्यावांचून हा विषय पुरा होत नाहीं. या बोटीवर गाळणीला वळसा घालून तेलकट पाणी परस्पर समुद्रांत सोडणारी एक नळी बसविलेली होती. खलाशांच्या भाषेंत अशा नळीला 'जादूची नळी' म्हणतात. २६ ऑगस्ट २०१३ रोजीं इंग्लंडच्या किनाऱ्यापासून २३ मैलांवर अशा रीतीनें सुमारें १६ हजार लिटर पाणी सोडण्यांत आलें. नुकताच नोकरीस लागलेला एक इंजिनियर तें पाहून अस्वस्थ झाला. बोट साउदॅम्प्टनला लागतांच त्यानें नोकरी सोडली आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांना सारी हकीकत कळविली. वरिष्ठांनीं नळी काढून टाकण्याचा व हाताखालच्यांना खोटें सांगावयास लावण्याचा यत्न केला. पण तपास अमेरिकेपर्यंत पोंचला, आणि ही लबाडी २००५ पासून चाललेली होती असें निघालें. डिसेंबर २०१६ मध्यें कंपनीनें गुन्हा कबूल केला व ४ कोटि डॉलर दंड भरण्याचें मान्य केलें. जहाजानें जाणूनबुजून केलेल्या प्रदूषणाबद्दलचा तेवढा मोठा दंड तोंपर्यंत कोणालाहि झाला नव्हता. एवढ्या मोठ्या यंत्रणेंत ती नळी प्रवाशांच्या कोणत्याहि फेरीला दिसली नसती. ती एका नोकराला दिसली, आणि त्यानें तिची किंमत आपल्या नोकरीनें दिली.

दवाखाना हा फेरींतला शांत टप्पा. तातडीच्या उपचारांपुरती सामग्री तेथें असते, रात्रंदिवस डॉक्टर असतो, आणि रोग्याला सांभाळून पुढच्या बंदरापर्यंत नेणें हें त्याचें मुख्य काम असतें. महासागराच्या मध्यावर हेलिकॉप्टर पोंचत नाहीं. जवळच एक लहानशी थंड खोली असते. सफरीला निघणाऱ्यांत वयस्क मंडळी पुष्कळ, तेव्हां ती रिकामीच राहील असें धरून चालतां येत नाहीं. मार्गदर्शक तिच्याविषयीं विचारल्याखेरीज बहुधा बोलत नाहीं, आणि विचारल्याखेरीज कोणतीहि तुकडी पुढें जात नाहीं.

इतकें सगळें दाखविणारी फेरी एका ठिकाणीं मात्र बहुधा वळत नाहीं. कर्मचारी जेथें राहतात त्या खोल्या तिच्या वाटेवर नसतात. याचें एक कारण सभ्य आहे. कोणाच्याहि निजण्याच्या जागेंत परक्यांनीं डोकावूं नये. पण परिणाम असा होतो कीं यंत्रें पाहिलीं जातात आणि तीं चालविणारा मनुष्य कसा राहतो हें पाहावयाचें राहून जातें. साधा कर्मचारी सहा ते नऊ महिन्यांच्या करारावर येतो. खोली लहान, बिनखिडकीची, एकाहून अधिकांत वाटलेली. सुटीचा असा पुरा दिवस बहुधा नाहीं. २०१३ च्या ऑगस्टपासून अंमलांत आलेल्या सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारानें चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यांत किमान ७७ तास विश्रांति ठरविली आहे. ही विश्रांति दोन तुकड्यांत विभागतां येते, आणि त्यांतली एक निदान सहा तासांची हवी. कायद्यानें यावर लक्ष ठेवावें लागलें, यावरूनच पूर्वींची स्थिति काय असेल याची कल्पना यावी. 'क्वीन मेरी' अटलांटिकवरून पूर्वेकडे परत येतांना घड्याळें वाटेंत पांच वेळां तासभर पुढें करावीं लागतात. प्रवाशाचा तेवढा तास सुखांत बुडून जातो. कर्मचाऱ्याचा त्याच्या दिवसांतून जातो.

बोट कोणत्या देशाची, हा प्रश्नहि दिसतो तितका साधा नाहीं. 'क्वीन मेरी'च्या पाठीवर आरंभीं 'साउदॅम्प्टन' हें नांव होतें. २०११ सालीं तिची नोंदणी बर्म्युडांत गेली आणि तेथें 'हॅमिल्टन' आलें. बर्म्युडाच्या कायद्यान्वयें कप्तानाला भर समुद्रांत विवाह लावतां येतात, हें त्याचें जाहीर कारण. टीकाकारांनीं त्याच सुमारास ब्रिटनमध्यें झालेल्या वेतनसमतेच्या नियमांकडे बोट दाखविलें. दोहोंपैकीं कोणतें कारण खरें, याचा निर्णय ज्यानें त्यानें करावा. विवाह लावण्यासाठीं म्हणून देश बदलणारी बोट विरळाच, एवढें म्हणण्यास हरकत नाहीं.

या पडद्यामागच्या जगाशीं आपल्या किनाऱ्याचा संबंध जुना आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारें ५० हजार हिंदी खलाशी होते. इंग्रज त्यांना 'लास्कर' म्हणत. डेकवर रत्नागिरी व काठेवाडकडचे खलाशी, इंजिनघरांत पंजाब व सिल्हेटकडचे, आणि जेवणघरांत व भटारखान्यांत गोमंतकीय, अशी वांटणी बहुधा असे. सारंग, तांडेल, सुकाणी, भंडारी या आपल्या भाषांतल्या शब्दांनीं बोटीवरचे हुकूम चालत. वेतन गोऱ्या खलाशाहून पुष्कळ कमी, आणि निजावयास द्यावयाची जागाहि कायद्यानेंच कमी ठरविलेली. गोंव्याच्या गांवोगांवच्या मंडळींनीं मुंबईंत धोबीतलाव, माझगांव या भागांत आपापल्या गांवाचे 'कूड' काढले. एक बोट सुटली कीं दुसरी मिळेपर्यंत तारवटी तेथें उतरे, भिंतीशीं आपली पेटी ठेवी, आणि रोज सकाळीं कंपनीच्या कचेरीचा उंबरठा झिजवी. गोंव्यांतलीं कित्येक घरें, आणि कांहीं देवळें-चर्चेंहि, त्या पेटींतून आलेल्या पैशावर उभीं आहेत. ती परंपरा अजून तुटलेली नाहीं. आजच्या बोटींवर छातीवरील नांवाच्या पट्टीखालीं 'इंडिया' असा शब्द असलेला तरुण जेवण वाढावयास येतो तेव्हां त्याचें घर सासष्टींत किंवा वसईंत निघण्याचा संभव पुष्कळ.

२०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें साऱ्या जगांतील सफरी थांबल्या. प्रवासी यथावकाश घरीं गेले. कर्मचारी मात्र बोटींतच राहिले, कारण बंदरें त्यांना उतरूं देत नव्हतीं आणि विमानें बंद होतीं. एप्रिलमध्यें 'मरेला डिस्कव्हरी' ही बोट शंभरावर भारतीय कर्मचाऱ्यांसह मुंबईच्या बंदरापाशीं आली. मुंबई दिसत होती, पण उतरण्याची परवानगी नव्हती. अखेर सरकारनें खलाशांसाठीं नवे नियम काढले आणि २३ एप्रिल रोजीं त्यांना उतरवून घेण्यांत आलें. इतर बोटींवरच्या पुष्कळांना याहून कितीतरी अधिक महिने वाट पाहावी लागली. त्यांतल्या कांहींना प्रवाशांच्या रिकाम्या खोल्या राहावयास मिळाल्या. खिडकीची खोली त्यांना नोकरींत प्रथमच लाभली ती अशा वेळीं.

फेरीचा शेवट बहुतेक बोटींवर ब्रिजवर होतो. तेथून दिसणारा समुद्र मोठा सुंदर असतो आणि मंडळी खूष होऊन वर जातात. परंतु खालच्या रस्त्याच्या भिंतीवर लावलेला एक तक्ता थांबून वाचण्याजोगा असतो. संकटाच्या वेळीं कोणी कोठें उभें राहावयाचें याची ती यादी. तींत पावाच्या भट्टीवरचा मनुष्य एका जीवनौकेचा, चादरी बदलणारी मुलगी एका जिन्याची, वाद्यवृंदांतला वादक माणसें मोजण्याच्या कामाचा. सात आंखूड भोंगे आणि एक लांब, अशी खूण झाली कीं रोजचें काम टाकून ज्यानें त्यानें या यादीप्रमाणें जावयाचें.

१३ जानेवारी २०१२ च्या रात्रीं इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' खडकावर आदळून कलंडली. बोटीवर चार हजारांवर माणसें होतीं. चिव्हितावेक्कियाला त्याच दिवशीं चढलेल्या कित्येक शें प्रवाशांची कवाईत व्हावयाचीच होती, कारण ती चोवीस तासांत केव्हांहि घेतली तरी तेव्हां चालत असे. कप्तान आपल्या आधीं बोट सोडून गेला हें साऱ्या जगानें वाचलें. त्याला पुढें इटलीच्या न्यायालयानें शिक्षाहि दिली. एकंदर बत्तीस माणसें मेलीं. १ जानेवारी २०१५ पासून, बोट सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच प्रवाशांची कवाईत झालीच पाहिजे असा नियम आला. मृतांपैकीं एकतीसांचे देह हातीं आले होते, बत्तिसावा सांपडत नव्हता. बोट सरळ करण्यांत आली, जेनोव्हा बंदरांत ओढून नेण्यांत आली, आणि तेथें ती मोडीत असतां, नोव्हेंबर २०१४ मध्यें, एका खोलींत तो सांपडला. तो बोटीवरच्या एका भारतीय वेटरचा होता.